निपाणी ते उचगाव: सीमाभागाचे ताट

परक्या मुलखात जेवायला बसलेल्या प्रवाशाची अडचण बहुधा एकच असते: काय मागवावे, किती मागवावे आणि कशानंतर काय खावे हे ठरवण्यासाठी जी माहिती लागते ती त्याच्याजवळ नसते, आणि जे पदार्थ त्याला ठाऊक असतात ते तर तो घरीही खातच असतो. या अडचणीवर मोठ्या शहरांतील महागड्या उपाहारगृहांनी काढलेला तोडगा ‘टेस्टिंग मेनू’ या नावाने ओळखला जातो. या पद्धतीत गिऱ्हाईक काहीच मागवत नाही. मुख्य आचारी त्या दिवसासाठी आपण ठरवलेले सात, दहा किंवा त्याहून अधिक पदार्थ एकामागून एक, प्रत्येकी दोन-चार घासांपुरते, स्वतःच्या क्रमाने पाठवतो आणि त्या क्रमातून एखाद्या प्रदेशाची, ऋतूची किंवा स्वतःच्या कल्पनाशक्तीची ओळख करून देतो. निवडीचा अधिकार खाणाऱ्याने आचाऱ्याच्या स्वाधीन करणे हे या पद्धतीचे मर्म होय. आणि त्या दृष्टीने पाहिले तर बेळगाव-निपाणी पट्ट्यातील साध्या खानावळीतही हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दिसतो, कारण तिथेही पदार्थांची यादी कोणी समोर ठेवत नाही आणि आज चुलीवर जे शिजले असेल तेच ताटात येते.

युरोपातील मेजवान्यांत १९व्या शतकाच्या आरंभापर्यंत सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडण्याची रीत होती. पदार्थ एकामागून एक वाढण्याची ‘रशियन’ म्हणवली जाणारी पद्धत पॅरिसमधील रशियन राजदूत अलेक्झांडर कुराकिन याने १८१०च्या सुमारास तिथे रूढ केली असे मानले जाते, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात ती सर्वमान्य झाली. जपानमध्ये १६व्या शतकातील चहाविधीच्या परंपरेतून, विशेषतः सेन नो रिक्यू या आचार्याच्या प्रभावातून, लहान लहान वाढपांच्या ‘कैसेकी’ जेवणाचा विकास झाला. १९७३मध्ये गो आणि मियो या फ्रेंच समीक्षकद्वयाने ‘नवपाककले’चा जाहीरनामा मांडला, त्यानंतर जड रश्श्यांना फाटा देऊन कमी, ताजे आणि नेटके वाढण्याचा आग्रह बळावला व त्याला जपानी पद्धतीची जोड मिळाली. २००३मध्ये कोपनहेगनमध्ये सुरू झालेल्या ‘नोमा’ने या पद्धतीला आणखी एक वळण दिले: आसपासच्या रानात, किनाऱ्यावर आणि शेतात जे मिळते तेवढ्यावरच संपूर्ण जेवण उभे करायचे. भारतात दिल्लीचे ‘इंडियन अॅक्सेंट’ २००९मध्ये, मुंबईचे ‘मास्क’ २०१६मध्ये आणि हिमाचलात कसौलीजवळचे ‘नार’ २०२३मध्ये सुरू झाले. यांतील शेवटच्या ठिकाणी तर केवळ जेवणासाठी डोंगर चढून जाणारा प्रवासी हाच मुख्य गिऱ्हाईक आहे.

या सर्व ठिकाणी पदार्थांची मालिका काळात उलगडते: पहिला पदार्थ संपल्यावर दुसरा येतो आणि मागे फिरून पहिल्याची चव पुन्हा घेता येत नाही. मराठी ताट मात्र जागेत उलगडते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे यांची जागा डावीकडे, भाजी, आमटी, रस्सा यांची उजवीकडे आणि भात किंवा भाकरी मध्ये ही मांडणी केवळ शोभेची नसते. डावी बाजू चिमटीने किंवा बोटाच्या टोकाने घ्यायची आणि उजवी बाजू घासाने खायची, हे प्रमाण त्या मांडणीतच सांगितलेले असते. कोणते पदार्थ करायचे हे रांधणारी ठरवते. पण कोणत्या घासाला कोणती चटणी लावायची, झुणक्यानंतर लगेच दही घ्यायचे की आधी कच्चा कांदा चावायचा, हे जेवणारा ठरवतो. म्हणजे निवडीचा निम्मा अधिकार त्याच्याकडे परत आलेला असतो. सुश्रुतसंहितेत जेवणाच्या आरंभी मधुर, मध्ये आंबट व खारट आणि शेवटी तिखट-कडू-तुरट रस घ्यावेत असा क्रम सांगितलेला आहे. परंतु पंक्तीतील कोणाही जेवणाऱ्याकडे पाहिले तर तो क्रम किती सैलपणे पाळला जातो हे सहज ध्यानात येते.

निपाणी आणि उचगाव यांच्यामधला मुलूख अशा ताटाच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे आणि त्याचे कारण पाऊस होय. बेळगावच्या पश्चिमेला सुमारे ६५ किलोमीटरवर असलेल्या आंबोलीत वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बेळगाव शहरात तो १,२०० ते १,३०० मिलिमीटरवर येतो आणि तिथून ईशान्येला तितक्याच अंतरावर असलेल्या गोकाककडे तो ५००-६०० मिलिमीटरच्या घरात उतरतो. एका बाजूला भात, नाचणी, काजू आणि फणस, दुसऱ्या बाजूला ज्वारी, तूर, करडई, शेंगा आणि मिरची असा हा उतार आहे, आणि पुणे-बंगळूर महामार्गाने कागलची हद्द ओलांडून निपाणी, संकेश्वर करीत बेळगावला व तिथून वेंगुर्ले रस्त्याने उचगावकडे जाणारा प्रवासी, वाटेत ठिकठिकाणी जेवत गेला तर, हा उतार जिभेने मोजू शकतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्याविषयीचा महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. चुलीवरच्या रीतीभातींवर मात्र या तारखांचा परिणाम फारसा दिसत नाही, कारण तिथली सीमा पावसाने आणि जमिनीने आखलेली आहे.

निपाणी ही तंबाखूची आणि विड्यांची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध असली, तरी ताटाच्या दृष्टीने तिच्या परिसराचे महत्त्व ज्वारी आणि मिरची या दोन गोष्टींत आहे. जवळच्या संकेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी ‘संकेश्वरी’ ही लांब, बारीक, सुरकुत्यांची मिरची तिखटपणासाठी नावाजलेली असून तिचे सौदे शेजारच्या गडहिंग्लजच्या बाजारात चढ्या भावाने होतात. हिलाच या भागात ‘जवारी’ मिरची म्हणतात; जवारी म्हणजे संकरित नसलेले, गावात बीज राखून टिकवलेले वाण, आणि कोंबडी, कोथिंबीर, मका, टोमॅटो अशा कोणत्याही जिनसाला हे विशेषण लावून विक्रेता भाव वाढवून घेतो. संकेश्वरीबरोबर हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी मिरची वापरली जाते, जिला २०११मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ब्याडगीत तिखटपणा बेताचा आणि रंग गडद असतो, म्हणून जाणत्या घरांत रंगासाठी एक आणि झणक्यासाठी दुसरी असे प्रमाण ठरलेले असते. उन्हाळ्यात या मिरच्या वाळवून, धणे, तीळ, सुके खोबरे, तळलेला कांदा, लसूण आणि गरम मसाला घालून वर्षाचे तिखट कांडून घेतले जाते. त्यालाच कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत ‘चटणी’ म्हणतात, आणि पुण्या-मुंबईकडचा पाहुणा ‘थोडी चटणी टाका’ ऐकून ओल्या नारळाची वाट पाहत बसतो, हा तिथला नेहमीचा विनोद होय.

या पट्ट्यातील शाकाहारी जेवणाचा सर्वांत पूर्ण नमुना लिंगायत खानावळीत मिळतो. तिथले ताट बारकाईने पाहण्याजोगे असते. आधी डाव्या बाजूला शेंगदाण्याची भरड चटणी येते, जिच्यात लसूण आणि तिखट उखळात शेंगांबरोबर कुटलेले असल्यामुळे ती तेलाने किंचित ओलसर झालेली असते. तिच्याजवळ कारळाची काळपट आणि जवसाची तांबूस अशा आणखी दोन चटण्यांचे लहान ढीग पडतात आणि त्यांवर कच्चे करडईचे किंवा शेंगांचे तेल, नाहीतर घट्ट दही घातले जाते. मग कच्च्या भाज्या येतात: मेथीची कोवळी पाने देठासकट, कांद्याची पात, गाजर, मुळा, काकडी. बाहेरून आलेल्याला ही सजावट वाटते आणि तो ती बाजूला सारतो. वस्तुतः तिखट झुणक्याच्या किंवा भरल्या वांग्याच्या घासानंतर मेथीचे पान चावणे हा त्या जेवणाचा अविभाज्य भाग असतो, कारण तिच्या कडवटपणाने तोंड स्वच्छ होते आणि पुढचा घास नव्याने लागतो. युरोपीय मालिकेत दोन मुख्य पदार्थांमध्ये आंबट बर्फगोळा देऊन जे साधले जाते तेच काम येथे दोन पैशांच्या पाल्याकडून करून घेतले जाते. त्यानंतर दोन भाज्या, बहुधा एक भरल्या वांग्याची आणि एक मोड आलेल्या मटकीची किंवा हुलग्याची, एखादी अंबाडीसारखी आंबट पालेभाजी, आणि भाकरी.

भाकरी दोन तऱ्हेची असते. एक गरम, हातावर थापलेली, तव्यावरून थेट ताटात येणारी मऊ भाकरी आणि दुसरी पातळ थापून, भाजून, निखाऱ्याच्या धगीवर पूर्ण वाळवलेली कडक भाकरी, जी पापडासारखी मोडते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. कडक भाकरीचा उगम प्रवासात आहे. जत्रेला, बाजाराला किंवा लांबच्या शेताला जाणाऱ्या माणसाची ती शिदोरी होती, आणि आजही सौंदत्तीच्या रेणुका यल्लमाच्या मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला निपाणी-कोल्हापूरकडून निघालेल्या घरांत ती केली जाते. त्या यात्रेच्या नैवेद्यात आंबील, म्हणजे ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पिठाची ताकात शिजवलेली पातळ पेज, वरणा नावाच्या शेंगेच्या दाण्यांची वांग्याबरोबर केलेली भाजी, मेथी, गाजर, कांद्याची पात आणि भाकरी असते. नैवेद्याचे हे ताट आणि लिंगायत खानावळीचे ताट शेजारी ठेवले तर त्यांतील फरक शोधावा लागतो. खानावळीने नवे काही रचलेले नाही, जत्रेचे ताट तिने रोजच्या व्यवहारात आणले, असा निष्कर्ष काढण्यास त्यामुळे बरीच जागा आहे. अलीकडे महिलांचे बचत गट आणि भाकरी केंद्रे कडक भाकरीच्या थप्प्या बांधून विकतात, त्यामुळे लहान खानावळीलाही दिवसभर भाकरी पुरवणे शक्य झाले आहे.

मांसाहारी ताटाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात फसगतही अधिक. कोल्हापूरहून दक्षिणेकडे आलेल्या मटणाच्या ताटात सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, दही-कांदा, भाकरी किंवा चपाती आणि भात एवढे असते. दोन्ही रश्श्यांचा पाया एकच, तो म्हणजे ‘अळणी’: आले, लसूण, मीठ आणि किंचित हळद लावून मटण शिजवल्यावर उरणारे पाणी. या पाण्याच्या एका भागात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि चटणी घालून तांबडा रस्सा होतो. दुसऱ्या भागात नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि खडा गरम मसाला घालून, लाल तिखटाचा स्पर्शही होऊ न देता, पांढरा. एकाच मांसाच्या एकाच रसाची ही दोन टोके आलटून पालटून प्यायची असतात आणि तांबड्याने पेटलेली जीभ पांढऱ्याने शांत करायची असते. म्हणून पांढरा रस्सा आरंभी ‘सूप’ म्हणून पिऊन टाकणारा प्रवासी ताटाचा अर्धा हिशेबच चुकवतो. बेळगाव, हुबळी आणि गदग भागांत सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय या मूळच्या विणकर समाजाच्या ‘सावजी’ खानावळीही आहेत, ज्यांच्या खिम्याचा आणि रश्श्याचा मसाला कोल्हापुरी मसाल्याहून वेगळा लागतो. नागपूरचे सावजी जेवण हलबा कोष्टी समाजाशी जोडलेले असल्यामुळे दोन्ही एकच समजण्याची चूक मात्र टाळावी.

महामार्गावरील ढाब्यांनी ‘कोल्हापुरी’ या एका शब्दाखाली हे सगळे भेद पुसून टाकले आहेत. सकाळी एकदा केलेली कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही पनीर, कोंबडी, मटण आणि काजू यांवर सारखीच ओतली जाते, वर तेलाचा तवंग आणला जातो, आणि ताटातील वाट्यांची संख्या वाढवून विविधतेचा आभास निर्माण केला जातो. बारा वाट्यांच्या थाळीत दोनच चवी असतील आणि चार पदार्थांच्या ताटात सात असतील, तर टेस्टिंग मेनूच्या कसोटीवर दुसरे ताट श्रेष्ठ ठरते. वाट्या मोजून थाळीची किंमत ठरवणाऱ्या जाहिराती या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात.

बेळगाव ओलांडून वेंगुर्ले रस्त्याला लागले की ताटाचा मध्य बदलतो आणि भाकरीच्या जागी भात येतो. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरचे उचगाव हे या भातपट्ट्यातले गाव असून त्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर बाची आणि शिनोळी यांच्यामध्ये राज्याची हद्द येते व कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका सुरू होतो. या परिसरात पूर्वी ‘बेळगाव बासमती’ नावाने ओळखला जाणारा सुवासिक भात होत असे. आता बहुतेक शेतांत इंद्रायणी किंवा अधिक उतारा देणारी वाणे दिसतात. इंद्रायणी हे वाण आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून मावळातील वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झाले आणि १९८७मध्ये प्रसारित झाले. त्याचा भात थोडा चिकट, सुगंधी आणि आमटी धरून ठेवणारा असतो. शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पश्चिम भागातील माळांवर पावसाळ्यात रताळ्याची मोठी लागवड होते आणि ती रताळी बेळगावच्या बाजारातून उत्तर भारतापर्यंत जातात. आंबोलीचा घाट उतरले की समुद्र फार लांब नसल्यामुळे वेंगुर्ले, मालवण आणि गोव्याकडील मासळी बेळगावात येते, त्यामुळे तिथल्या ताटात तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी आणि कोकमाची सोलकढी परकी वाटत नाही. निपाणीच्या झुणका-भाकरीपासून येथील भात-आमटीपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्याही आत आहे.

उचगावात प्रवाशासाठी नावाजलेली उपाहारगृहांची रांग नाही. तिथले प्रसिद्ध जेवण मळेकरणी देवीच्या आमराईतले. नवस फेडण्यासाठी, विशेषतः मंगळवारी आणि शुक्रवारी, दूरदूरची कुटुंबे आप्तेष्टांसह येऊन झाडांखाली चुली मांडतात आणि मटणाचे जेवण करतात अशी तिथली अनेक वर्षांची रीत आहे. कर्नाटकात देवस्थानांच्या आवारात पशुबळी देण्यास मनाई करणारा कायदा १९५९ सालचा आहे आणि या प्रथेविषयी मतभेदही आहेत. तो वाद बाजूला ठेवला तरी स्वयंपाकाच्या दृष्टीने या जेवणाचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक चुलीची चटणी वेगळ्या घरातून आलेली असते. एकाच आमराईत, एकाच दुपारी, निपाणीकडच्या कुटुंबाचा रस्सा आणि खानापूरकडच्या कुटुंबाचा रस्सा शेजारी शेजारी उकळत असतो, आणि ज्याला दोन्हीकडून बोलावणे येते त्याला जो तुलनेचा योग लाभतो तो कोणत्याही उपाहारगृहात पैसे देऊन मिळणारा नाही. उचगावात मराठी साहित्य संमेलनही भरते; कडोली, कुद्रेमनी, येळ्ळूर, निपाणीजवळचे कारदगा अशा सीमाभागातील कितीतरी गावांनी ही प्रथा चालवली आहे, आणि दुपारच्या सत्रानंतरची पंगत हा तिथल्या कार्यक्रमपत्रिकेतला कवितेइतकाच महत्त्वाचा भाग असतो, असे म्हटल्यास आयोजक रागावणार नाहीत.

परंतु ‘स्थानिक चवींची मालिका’ या कल्पनेला सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे बेळगाव तालुक्यातील गावांच्या महालक्ष्मी यात्रा. या यात्रा दरवर्षी होत नाहीत. कुठे बारा, तर कुठे वीसहून अधिक वर्षांच्या अंतराने त्या भरतात, आणि त्यामुळे एका पिढीच्या वाट्याला आपल्या गावची यात्रा दोन-तीनदाच येते. घरे रंगवली जातात, माहेरवाशिणी येतात, देवीचा रथ निघतो, आणि गावातील जवळजवळ प्रत्येक घर आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना, मित्रांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्या अनोळखी माणसांनाही जेवायला बोलावते. एका पाहुण्याला एकाच दिवसात चार-पाच घरी जावे लागते आणि प्रत्येक घरी काहीतरी खाल्ल्याशिवाय सुटका नसते: एका घरी पुरणपोळी आणि कटाची आमटी, दुसऱ्या घरी मटणाचा रस्सा आणि भात, तिसऱ्या घरी केवळ लाडू आणि चहा. येथे पदार्थ यजमानीण ठरवते, क्रम गल्ली ठरवते आणि प्रमाणही पाहुण्याच्या हातात राहत नाही, कारण ‘आणि थोडं घ्या की, पावणं’ या आग्रहापुढे हात आडवा धरून उपयोग होत नाही. आचाऱ्याच्या स्वाधीन होण्याची जी भाषा महागडी उपाहारगृहे वापरतात ती येथे शब्दशः खरी ठरते. मात्र येथे बिल येत नाही, तर आपल्या गावच्या यात्रेला परत बोलावण्याचे ऋण राहते.

गोडाच्या बाबतीत या भागाची ओळख कुंद्यावर येऊन थांबते आणि ते थोडे अन्यायाचे आहे. कुंदा, म्हणजे दूध आणि खवा साखरेबरोबर तांबूस रंग येईपर्यंत आटवून केलेली रवाळ मिठाई, चवीला उत्तमच असते. गोकाकचा डिंक, गूळ, खोबरे आणि सुकामेव्याचा करदंटही प्रवासात टिकणारा म्हणून सोयीचा. पण कौशल्याच्या दृष्टीने बेळगावचे मांडे या दोहोंच्या कितीतरी वर आहेत. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरील ‘मानसोल्लास’ या १२व्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथात ‘मंडक’ या नावाने या जातीच्या पदार्थाचे वर्णन आढळते, आणि मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा तर प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. मैद्याच्या अतिशय सैल, तेलात मुरवलेल्या कणकेच्या गोळीत पिठीसाखर, खसखस आणि तुपाचे सारण भरतात, ती थोडी लाटतात आणि मग दोन्ही हातांच्या मागच्या बाजूंवर घेऊन, मनगटे फिरवीत, ती आपल्याच वजनाने पसरू देतात. कोपरापर्यंत लांबलेली ती पारदर्शक पोळी क्षणभरात पालथ्या घातलेल्या तापलेल्या कढईवर टाकावी लागते, आणि साखर विरघळून ती कडक होण्याच्या आत, म्हणजे काही सेकंदांत, तिची चौकोनी घडी घालावी लागते. उशीर झाला तर ती मोडते आणि घाई झाली तर चिकटते. लग्नकार्यात मांडे दुधात कुस्करून वाढतात. हे काम करणाऱ्या बायका आता मोजक्या उरल्या असून ते बहुधा आगाऊ मागणीनुसारच होते, त्यामुळे एका दुपारच्या मुक्कामात प्रवाशाला ताजे मांडे मिळतीलच असे नाही.

खानावळीचा व्यवहार टिकतो तो टेस्टिंग मेनूच्याच अर्थशास्त्रावर. किती माणसे जेवणार याचा अंदाज असतो, पदार्थ ठरलेले असतात, बाजारात स्वस्त आणि ताजे जे असेल ते घेता येते आणि वाया जाणारे अन्न कमी राहते. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना डबा आणि जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी हेच गणित सांभाळले होते आणि त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. परंतु खानावळीच्या इतिहासाची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. लिंगायत खानावळ, ब्राह्मण खानावळ, मराठा खानावळ अशा पाट्या केवळ चवीची माहिती देत नसत. कोणी कोणाच्या हातचे खावे आणि कोणी कोणत्या पंक्तीत बसावे याचे नियमही त्या सांगत, आणि ज्यांच्या नावाची पाटी कोठेच नव्हती त्यांच्या घरचे रांधप आजही या ‘स्थानिक’ म्हणवल्या जाणाऱ्या ताटात क्वचितच दिसते. शहरातील एखादा नामांकित आचारी उद्या सीमाभागाचा टेस्टिंग मेनू रचू लागला तर त्याने काय वगळले हे पाहणे, काय घेतले हे पाहण्याइतकेच उद्बोधक ठरेल.

प्रवाशाच्या सोयीसाठी दोन-तीन गोष्टी नोंदवाव्या लागतात. खानावळीत दुपारचे जेवण बाराच्या सुमारास सुरू होते आणि दोन-अडीचनंतर गरम भाकरी मिळण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून ताट पाहायचे असेल तर गर्दीच्या वेळीच जावे. ‘मर्यादित’ आणि ‘पोटभर’ असे दोन दर असतील तर पहिल्यांदा जाणाऱ्याने पोटभर ताट घेऊन प्रत्येक पदार्थ थोडाच वाढून घ्यावा, कारण त्या दरात एकच भाजी चार वेळा घेण्याइतकीच चारही भाज्या एकेकदा घेण्याची मुभा असते. ऋतूचाही विचार करावा: नवी ज्वारी येते तेव्हा भाकरीला निराळी गोडी असते, मेथी आणि गाजर थंडीत चांगले असतात, नवा तांदूळ दिवाळीनंतर बाजारात येतो आणि नवे तिखट उन्हाळ्यात कांडले जाते. या सगळ्यांचा मेळ जानेवारी-फेब्रुवारीत उत्तम बसतो, फक्त त्या वेळी चटणी मागच्या वर्षीची असते आणि तिचा झणका थोडा उतरलेला असतो.